धुळ्याची टीम आणि पोटातला गोळा

तुमच्या अक्काने, माझ्या बायकोने, आणि मी एकत्र केलेलं शेवटचं काम म्हणजे जेवण. कळण्याची भाकरी, शेवेची पातळ भाजी आणि कांदा. आठ दिवस तिला ताप होता, अर्धी भाकरी उतरत नव्हती. त्या संध्याकाळी तिने दोन खाल्ल्या. कारण मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडलो होतो, "जिंकनूत!"

आपण जिंकलो नव्हतो. दोन-एक हरलो होतो, शेवटच्या पाच मिनिटांत, तेही पेनल्टीवर.

तुमच्यातले जे सुरतेला, पुण्याला गेले, त्यांच्या पोरांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. गिरणी चालू होती तेव्हा गिरणीची फुटबॉलची टीम होती आणि आपली निम्मी गल्ली गिरणीत होती. टीम हरली की माणसं ताटावरून उठायची. शिजवलेलं तसंच राहायचं. मग बायकांनीच एक नियम केला. हरून आलात तर जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हात धुतल्यावर काय रडायचं ते रडा. जिंकलात तर मात्र गल्लीच्या तोंडापासून ओरडत या. म्हणजे मैदानावरून माणूस गुपचूप आला की घरात कळायचंच. तरी कोणी विचारत नसे. सगळे मान खाली घालून जेवत. गिरणी बंद पडली, टीम गल्लीने चालवली, पण हा नियम कोणी मोडला नाही.

मी मोडला. तिने चार घास खावे म्हणून मोडला. ती म्हणाली, "बठ्ठं खाई ल्या, काही ठेवू नका." मी खाल्लं. तिने भांडी घासायला घेतली तर मी ती हातातून काढून घेतली. ती आडवी झाली. पहाटे उठवायला गेलो तर हात थंड.

पंधराव्या दिवशी प्रकाश मला न्यायला आला. प्रकाश माझा एकुलता मुलगा, वीस वर्षं जळगावला आहे, पाइपच्या कारखान्यात. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, एवढंच सामान. घर भाड्याचं होतं, ते मालकाला परत दिलं. सलीमने रिक्षातून स्टँडवर सोडलं. सलीम म्हणजे आपल्या टीमचा जुना स्टॉपर, आता रिक्षाही तोच चालवतो आणि टीमही तोच. स्टँडवर पेटी उतरवून तो म्हणाला, "नाना, मॅचचं कळवत जाईन."

मी म्हटलं, "हरलास तर कळवू नको."

"मग तुम्हाला फोन करायला मला वर्ष लागेल," म्हणाला आणि हसला. मग हसणं आवरून त्याने माझे दोन्ही हात धरले. गाडी गावाबाहेर पडली. मी मागे वळून बघितलं नाही. मान धरली होती माझी, दुसरं काही नाही.

आता जळगावच्या पिंपराळ्यात राहतो. वाईट काहीच नाही, खोटं कशाला बोलू. कॉलनी स्वच्छ आहे, दाराशी पेव्हर ब्लॉक आहेत, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. सूनबाई ज्योती सकाळी चहा हातात आणून देते. मला वेगळी खोली आहे. धुळ्याला एका खोलीत आम्ही दोघं आणि टीमचं सगळं सामान राहायचं. कोपऱ्यात बॉलची जाळी टांगलेली असे आणि पावसाळ्यात बुटांचा वास यायचा. तुमची अक्का म्हणायची, "अकरा जावई करी ठेवेल शेतस तुम्ही." इथल्या खोलीला फरशी पुसायच्या औषधाचा वास येतो.

मी अहिराणी बोललो की रिया हसते. रिया माझी नात, बारावीला आहे, फोनवर परदेशातल्या मॅच बघते. मलाही दाखवते. तिकडचं गवत गालिच्यासारखं. खेळाडू पडला की चार माणसं धावत येतात आणि पायावर फवारा मारतात. मी तिला सांगितलं, आमच्या मैदानावर पडलं की माणूस स्वतःच उठायचा आणि गुडघ्यातले खडे घरी येऊन काढायचा. ती म्हणाली, "आजोबा, तुमची टीम टेबलमध्ये कुठे आहे?"

मी म्हटलं, "तळाला."

तिने दुसरी मॅच लावली. चांगली पोर आहे.

तर टीमचं सांगतो. तुम्ही धुळ्यात राहून बघता, तुम्हाला मी काय सांगणार. पण जे बाहेर आहेत ते मलाच फोन करून विचारतात, जसं काही मीच कोच.

ती गेल्यानंतर पहिली मॅच नरडाण्याला होती. तिथली टीम म्हणजे एमआयडीसीतली पोरं, दिवसभर पोती उचलतात आणि संध्याकाळी बॉल मारतात. मांड्या बघाल तर खांब. दोन-शून्य हरलो. मी इथे ओट्यावर फोन घेऊन बसलो होतो. सलीमचा मेसेज आला तर वाचायला मला वेळ लागतो, पाचवीपर्यंतच शिकलेला माणूस मी. एकेक अक्षर जोडत गेलो. आधी 'नाना' वाचलं. मग 'माफ' वाचलं. पुढचं वाचायची गरज पडली नाही.

दुसरी मॅच आपल्याच मैदानावर, भुसावळच्या पोरांबरोबर. तीन-एक. पहिला गोल आपण केला होता. ही जुनी खोड आहे आपली, पहिला गोल केला की सगळे पुढे पळतात, मागे कोणी राहत नाही. मी बॅकला खेळायचो तेव्हा गोल झाला की पुढच्यांना शिव्या घालून मागे बोलवायचो. आता शिव्या घालणारा कोणी नाही. दीपक गोलकीपर चांगला आहे, पण बिचारा बोलत नाही. गोलकीपरचं तोंड चालायला पाहिजे. हातांपेक्षा जास्त चालायला पाहिजे. लेफ्टचा पोरगा लग्न झाल्यापासून बॉलपेक्षा घड्याळाकडे जास्त बघतो. सलीमला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाना, त्याला काढलं तर दहाच उरतील."

आता मनातलं सांगतो. हसायचं असेल तर हसा. मला वाटायला लागलं की हे माझ्यामुळे होतंय. त्या दिवशी मी न झालेला विजय ओरडून घरात आणला आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला. टीमच्या वाट्याला जो काय विजय होता तो मीच खाऊन टाकला, आता टीमला दुसरा मिळणार नाही. दिवसा असं वाटायचं नाही. भाजी निवडताना, रियाच्या सायकलला तेल घालताना काही नाही. पण मॅचच्या दिवशी चार वाजले की पोटात गोळा यायचा तो वर वर चढायचा. छातीपर्यंत यायचा. एकदा ज्योती घाबरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने पट्ट्या लावून कागद काढला, म्हणाला, काही नाही, गॅस आहे. मी त्याला काय सांगू?

आणि पूर्वी ही भीती मला वाटायची नाही, हे पण खरं. अक्का असताना घाबरायचं काम तिच्याकडे होतं. मॅचच्या दिवशी ती सकाळपासून घाबरलेली. दूध उतू घालवायची, मिठाऐवजी साखर टाकायची, आणि मी तिच्यावर ओरडायचो की फुटबॉल आहे, लढाई नाही. रुबाबात ओरडायचो. आता कळतं की तिच्या घाबरण्याच्या आडोशाला मी बसलेलो होतो.

मग या वर्षीच्या स्पर्धेतली शेवटची मॅच आली. जळगावात, जळगावच्या टीमबरोबर, गेल्या रविवारी. हिशेब साधा होता, तळाची टीम पुढच्या वर्षी बाहेर. हरलो तर सरळ स्पर्धेबाहेर. बरोबरी झाली तर आपले आणि नरडाण्याचे गुण सारखे, मग पुढच्या रविवारी धुळ्यात त्यांच्याशी एक निकाली मॅच. आणि बाहेर गेलो तर टीम बंद. ते काही मी मनाने रचलेलं नाही. कापडवाले शेठ जर्सी आणि गाडी देतात, त्यांनी सलीमला तोंडावर सांगितलं होतं की बाहेर पडलेल्या टीमवर माझं नाव नको. टीम बंद म्हणजे मैदानावर जाणं बंद. गिरणीची आता चिमणीही उभी नाही. माझं घर गेलं, बाई गेली. धुळ्यात माझं म्हणावं असं ही अकरा पोरंच राहिलीत. ती गेली तर मी धुळ्याला जाणार कोणाकडे? स्टँडवर उतरून चहा पिऊन परत येऊ?

कॉलनीच्या कोपऱ्यावर पारसभाऊंचं किराणा दुकान आहे. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण ते स्वतः पक्के जळगावकर. त्यांच्या गल्ल्यामागे जळगावच्या टीमचा फोटो लावलाय. शनिवारी मी साबण आणायला गेलो तर म्हणाले, "काय नाना, उद्या तुमची धुळ्याची टीम येतेय म्हणे. खेळायला येतेय की केळी खायला?"

मी म्हटलं, "केळी तुमचीच पोरं खातात, म्हणून मैदानात घसरतात."

दुकानातले चार जण हसले. पारसभाऊ सगळ्यात जास्त हसले आणि साबणाबरोबर एक चॉकलेट दिलं, रियासाठी म्हणून. मीही हसलो.

घरी येऊन मी ठरवलं की मॅचला जायचं नाही. माझी सावली पडायला नको टीमवर. सलीमचा फोन आला, "नाना, उद्या पुढे बसा, पोरांना आवाज द्या." मी म्हटलं, "अंगात कणकण आहे." दुसऱ्यांदा खोटं बोललो.

रविवारी जेवण झाल्यावर प्रकाश कपडे घालून माझ्या खोलीत आला. म्हणाला, "चला बाबा, स्कूटर काढलीय." मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. म्हणाला, "कणकण वगैरे काही नाहीये तुम्हाला. काय झालंय ते सांगा." प्रकाश लहानपणी फुटबॉलचं नाव काढलं की पळायचा. रविवार आला की बाप मैदानावर, याची त्याला चीड होती. म्हणून त्याला सांगायचं जिवावर आलं होतं. पण सांगितलं. पहिल्यापासून सगळं. गल्लीचं तोंड, ओरडणं, दोन भाकरी, तेव्हापासून एक मॅच जिंकली नाही ते. म्हटलं, "तुझी आई माझं खोटं खाऊन गेली रे."

तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हरल्याचं. तुम्ही त्या दिवशी जेवण झाल्यावर भांडी घेऊन नळावर गेला होता ना, तेव्हा तिचा मला फोन आला होता. म्हणाली, तुना बाप आज मन्हासंगे खोटं बोलना. पोरं हारी गयात."

मी उठून बसलो. म्हटलं, "तिला कोणी सांगितलं?"

"मी तेच विचारलं. तर मला म्हणाली, जिंकनात त एकटा माणूस आरडस का? बठ्ठी गल्ली आरडस."

मला हे सुचलंच नव्हतं. जन्म त्या गल्लीत काढला आणि सुचलं नाही. जिंकल्यावर कधी एक आवाज येत नाही, पन्नास येतात. मी एकटा ओरडत घरात शिरलो आणि बाकी सगळी गल्ली मुकी होती.

"मग जेवली कशी?" मी विचारलं.

"म्हणाली, बिचारा एवढा आरडना, मी भाकर खाई लिधी."

"हे तू मला आज सांगतोस?"

"तुम्ही आज बोललात," प्रकाश म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते आणि आवाजात राग होता, दोन्ही एकाच वेळी. "बाबा, तीन महिने झाले. आईचं नाव काढलं की तुम्ही उठून गॅलरीत जाता. मी कधी सांगणार होतो?"

मी टोपी घातली आणि स्कूटरवर मागे बसलो.

तुम्हाला वाटेल की आता भीती गेली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. खोट्याचं ओझं उतरलं तर गोळाही उतरेल. कसलं काय! मैदान जवळ आलं, शिट्टी ऐकू आली आणि गोळा होता तिथेच होता. तेव्हा समजलं की तो त्या खोट्याचा नव्हताच. टीम हरेल याचीच साधी भीती होती ती. जी तिला वाटायची तीच.

मैदानाची जळगावची बाजू भरलेली. आपली माणसं टेम्पोतून आलेली, पंचवीस-तीस असतील. मी त्यांच्यात जाऊन बसलो. प्रकाश माझ्याजवळ बसला. त्याची कारखान्यातली मित्रमंडळी पलीकडून हाका मारत होती, "अरे, इकडे ये, हरणाऱ्यांत काय बसतोस!" तो हात हलवून नको म्हणाला.

मॅचचं थोडक्यात सांगतो. पहिला गोल त्यांचा, कॉर्नरवरून. आपले दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि बॉल मधून गेला. हाफटाइमला सलीम पोरांना काही बोलतच नव्हता, नुसता बाटल्या वाटत होता. मला राहवलं नाही. दोरीखालून वाकून आत गेलो. पोरं उठून उभी राहिली, मला वाटतं माझ्या पाया पडायचं म्हणून, पण मी पाया पडून घ्यायला गेलो नव्हतो. दीपकला म्हटलं, "तुला तोंड दिलंय देवाने, ते काय भाकर खायलाच? मागून शिव्या घाल यांना. माझ्या नावाने घाल." लेफ्टच्या पोराला म्हटलं, "घड्याळ काढ आणि माझ्याकडे दे." त्याने मुकाट्याने काढून दिलं. पोरं हसली. सलीम तोंड फिरवून हसला.

पुढची पंचेचाळीस मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. दीपक ओरडत होता, एवढं आठवतं. काय घाण घाण बोलत होता तो, ऐकून बरं वाटलं. लेफ्टच्याच पोराने क्रॉस दिला आणि कोणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला. गुडघ्याला लागो नाहीतर नाकाला. एक-एक. मग शेवटची दहा मिनिटं जळगावची पोरं आपल्या अंगावर येत राहिली आणि मी प्रकाशचा दंड धरून बसलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडावर बोटं उठलेली होती. एकदा बॉल खांबाला लागला. त्या आवाजाला माझ्या तोंडून तुमच्या अक्काचं नाव निघालं. तिच्या हयातीत मी तिला कधी नावाने हाक मारली नाही.

शिट्टी वाजली. बरोबरी.

वाचलो म्हणवत नाही. फक्त आठ दिवस मिळाले. पुढच्या रविवारी परत तेच नरडाणा, त्या खांबासारख्या मांड्या. मला विचाराल तर आपण हरू शकतो. आपला राइट बॅक लंगडतोय आणि सलीमकडे दुसरा नाही. त्यांच्याकडे बदली खेळाडूच सहा आहेत. मी पोरांना असं सांगणार नाही, पण तुम्हाला सांगतो. मी घाबरलेलो आहे.

घरी परत येताना पारसभाऊ दुकानाबाहेर उभे होते. म्हणाले, "नाना, केळी चांगली पचली तुमच्या पोरांना." मी म्हटलं, "तुमच्या पोरांनी पण चांगली झुंज दिली." आणि ते मनापासून म्हटलं. मला जळगावचा राग नाही. जळगावची टीम खाली गेली काय आणि वर गेली काय, मला जेवण जातं, झोप लागते. इथे मला दोन वेळचं गरम मिळतं, मुलगा आहे, सून आहे, नात आहे. तुम्ही फोनवर विचारता ना, नाना, जळगावात करमतं का, तिथलेच झालात का? तर मी इथला झालेलो नाही. ज्या गावाची टीम हरली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, ते माझं गाव. तिथे माझी खोली नसली तरी चालेल, भीती तिथे आहे. जे सुरतेला आणि पुण्याला गेलेत त्यांनी स्वतःचं बघावं. रविवारी चार वाजता कुठल्या गावासाठी पोटात कालवतं ते.

सोमवारी सकाळी ज्योतीने चहा दिला, तो घेतला. पायात चप्पल घातली आणि रिक्षा करून स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीत कंट्रोलर पेपर वाचत बसला होता. मी विचारलं, रविवारी धुळ्याला पहिली गाडी किती वाजता? त्याने सांगितलं. मी दोनदा विचारून पाठ केलं.

"परतीची पण सांगू का, बाबा?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "ते मॅचवर आहे."